बिजलीच्या शिंगाची मूठ

धोंडीराम गवळ्यानं टॉवेलची गाठ सोडली आणि दोन शिंगं दादाच्या ऐरणीशेजारी ठेवली. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी ठेवली.

"ही बिजली," तो म्हणाला.

दादानं शिंगांकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "कवा गेली, मामा?"

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. चौदा वर्सं दावणीला हुती. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत मी मोटारसायकलवर म्होरं आन् ती मागनं पळत. नुसती हाक मारायची, की गर्दी फोडून यायची. सहा खेपा मानाचा नारळ घेतलाय तिनं." त्यानं नाक पुसलं. "घरात तर दोन दिवस चूल पेटली न्हवती. तू ह्ये डावं शिंग बघ."

मी मागच्या खोपीत कानस चालवत बसले होते, तिथून पडद्याच्या कडेनं मान लांब करून मीही बघितलं. काळंभोर शिंग आणि त्यात टोकापासून खाली उतरलेली एक पांढरी रेघ. सुतळीएवढी जाड, मध्येच मोडून पुन्हा सुरू झालेली. म्हशीचं नाव बिजली का, ते विचारायची गरज उरली नाही. उजवं शिंग मात्र उभं चिरलेलं होतं.

"डाव्याची मूठ कर," गवळी म्हणाला. "वीतभर पात्याची सुरी. पाडव्याला कमरंला लावून मिरवणुकीत जाणार हाय मी. पातं तुझ्या मनासारखं कर, पर ही रेघ हाय अश्शी पायजे. काळ्यात पांढरी. तिच्यावर डाग पडला, तर सुरी मला नगं. आन् गवळी गल्लीतला एक माणूस पुन्हा तुझ्या दारात दिसायचा न्हाई. दुसरं शिंग आणू कुठनं मी?"

"मामा, मी हाय न्हवं?" दादा म्हणाला. "मी मूठ करणार, मी बसवणार, मी घासणार. मी हात लावला आन् डाग पडला, असं आजवर झालंय?"

मी मोजलं. एका दमात पाच वेळा 'मी'. त्यातले चार माझे होते.

माणसं काय बोलतात आणि त्यातलं किती खरं असतं, याची दोन खाती मनात ठेवायची खोड मला लहानपणापासून आहे. दादाचं खातं सगळ्यात जाड. पण वाईट माणूस नव्हता तो. कोल्हापुरात त्या काळी पोलादाचे पदर एकमेकांत ठोकून एकजीव करणारा दिनकर लोहार एकटाच, आणि त्याच्या घणाखालून निघालेलं पातं हातात घेतलं की माणूस त्याची बढाई मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. फक्त मूठ त्याला यायची नाही. वडिलांनी दोघांनाही दोन्ही शिकवलं होतं. त्याचा हात लोखंडावर बसला, माझा लाकडावर, शिंगावर आणि हाडावर. माझे मालक एसटीत ड्रायव्हर, चारातले तीन दिवस रस्त्यावर. घरी बसून भिंतींशी काय बोलायचं, म्हणून मी दोन गल्ल्या ओलांडून माहेरच्या भट्टीवर यायची आणि मागच्या खोपीत मुठी करायची. गिऱ्हाईक आलं की दादा मधला पडदा ओढून घ्यायचा. बाईनं घडवलेलं हत्यार माणसं कमरेला लावणार नाहीत, असा त्याचा समज होता. कुणाला विचारून केलेला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं.

गवळी गेल्यावर त्यानं पडदा सारला.

"ऐकलंस न्हवं, शाले?"

"ऐकलं. तू चार कामं अंगावर घेतलीस. कानस देऊ?"

"लई बोलतीस," तो हसला. "गळा पदरांचा करतो या खेपेला. लाटांचा."

गळा म्हणजे पातं आणि मूठ यांच्या मधला पोलादाचा जाड तुकडा. एरवी आम्ही तो पितळेचा करायचो. दादाला या वेळी गाडीच्या कमानपाट्याचं लोखंड आणि करवतीचं पातं यांचे पदर एकत्र ठोकून तो करायचा होता. असल्या पोलादाचं एक आहे. घासून लखलखीत केलं की ते साध्या चमच्यासारखं दिसतं. त्याला तेजाब पाजलं, की एक पदर काळा पडतो, दुसरा पांढरा राहतो आणि पाण्यावर वारा आल्यासारख्या लाटा उमटतात.

"मग गळ्याला आधी तेजाब पाज आन् मग माझ्याकडं दे," मी म्हटलं.

"आन् तू मूठ बसवून कानस घातलीस की लाटा पुसल्या. काय उपेग?"

तेही खरंच. आमच्या भट्टीची रीत अशी, की पात्याकडून मुठीकडं अंगठा नेला तर पोलाद कुठं संपलं आणि शिंग कुठं लागलं ते कळता कामा नये. त्यासाठी मूठ लाखेनं पक्की बसवायची, आणि मग शिंग आणि गळा एकाच कानशीखाली एकदम उतरवायचे. लाटा आणायच्या त्यानंतर. म्हणजे शिंग जागेवर असताना त्याला चिकटून बसलेल्या पोलादाला तेवढं तेजाब पाजायचं. एका ताटात जेवणाऱ्या दोघांपैकी एकालाच तिखट वाढण्यासारखं ते काम. आणि लाखेनं बसवलेली मूठ काढायची तर शेकावी लागते. शेकलं, की शिंग तडकतं. एकदा बसवली की बसवली.

तेजाब म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाले वापरतात ते तपकिरी पाणी. दादा त्याला कोरा चहा म्हणायचा. शिंगाला लागलं, तर तंबाखू खाणाऱ्याच्या दातासारखा पिवळा डाग पडतो, आणि तो धुऊन जात नाही.

"शिंगावर नखाचं पॉलिश लावूया," मी म्हटलं. "त्यातनं पाणी आत जात न्हाई."

"मग आण जा."

"तू जा की. बाजारातच निघालायस."

"मी? दिनकर लोहार नखाचं पॉलिश मागणार? शाले, भट्टी बंद करून घरी बसंन मी."

शेवटी मीच गेले. दुकानातल्या मुळेकाकूंनी लाल बाटली पुढं ठेवत विचारलं, "मालक यायचेत वाटतं?" मी म्हटलं, "यायचेत, पण हे भावाला पाहिजे." त्यानंतर काकूंनी दादाकडं बघायची नजर बदलली, ती त्यांच्या शेवटापर्यंत तशीच राहिली. दादाला मी कारण कधी सांगितलं नाही.

चिरलेल्या उजव्या शिंगाचा तुकडा घेऊन, त्याला पोलादाचा तुकडा चिकटवून आम्ही आधी करून बघितलं. शिंगावर पॉलिशचे दोन हात दिले, वाळवलं, तेजाबात दहा मिनिटं बुडवलं. बाहेर काढून पॉलिश खरवडलं, तर खाली शिंग जसंच्या तसं काळं. पोलादावर लाटा. दादानं तो तुकडा दिवसभर खिशात घालून फिरवला.

मग खरी मूठ. तिच्यावर मी नऊ दिवस घालवले. टोकाचं भरीव शिंग कापताना रेघ कुठून कुठं जाते ते आधी खडूनं आखून घेतलं, आणि मूठ अशी वळवली की सुरी उजव्या हातात धरली की रेघ अंगठ्याच्या बाजूनं वर निघावी आणि थेट गळ्याला जाऊन भिडावी. दादानं गळा घडवला, पातं बसवलं, मी लाख ओतली. मग शिंग आणि पोलाद एकत्र उतरवत आणलं. कानस, मग काचेचा तुकडा, मग बारीक पॉलिश कागद. नवव्या संध्याकाळी डोळे मिटून अंगठा फिरवला, आणि सांधा सापडला नाही. मला एवढा आनंद झाला की मी लहान पोरीसारखी आणखी तीनदा फिरवला. दिवेलागणीला घरी जायच्या आधी आमच्या आईची रीत पाळली. तयार मूठ कोरडी ठेवायची नाही. तळहातावर खोबरेल घेतलं, चांगलं जिरेपर्यंत चोळलं, फडक्यात गुंडाळलं आणि फळीवर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. पात्याला दादानं लाखेचा लेप दिला होता. शिंगाला मी लाल पॉलिशचे दोन हात दिले, सांध्यापर्यंत, केसाएवढीही फट न ठेवता. लोणच्याच्या जुन्या काचेच्या बरणीत तेजाब. सुरी पातं खाली करून दोरीला टांगली, दादानं ती हळूहळू खाली सोडली, तपकिरी पाणी बरोबर सांध्याला टेकलं तेव्हा थांबवली.

"दहा मिनिटं," तो म्हणाला आणि घड्याळाकडं बघत बसला.

मी सुरीकडं बघत होते. चौथ्या मिनिटाला सांध्याजवळ पॉलिशला सुरकुती पडली. तापल्या दुधावरची साय हलते तशी.

"दादा, काढ!"

"अजून सा मिनिटं हायेत."

"काढ म्हणतीया न्हवं!"

त्यानं दोरी ओढली. मी सुरी आधी पाण्यात, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवली. फेस आला. नखानं पॉलिशची कड धरली, तर खरवडावं लागलंच नाही. सापाची कात निघावी तशी अख्खी लाल पट्टी निघून हातात आली. आणि खाली, जिथं पांढरी रेघ गळ्याला भिडत होती तिथं, जोंधळ्याच्या दाण्याएवढा पिवळा डाग.

दादा म्हणाला, "त्या तुकड्यावर तर झालं हुतं की!"

तेवढ्यात बाहेर मोटारसायकलचा आवाज आला. धोंडीराम गवळी दिवसाआड चौकशीला यायचा, आणि आजचा दिवस त्याचा होता. दादानं सवयीनं पडद्याला हात घातला, पण मी भट्टीच्या पुढच्या बाजूला होते आणि सुरी माझ्या हातात होती. पडदा ओढून काही उपयोग नव्हता.

गवळी आत आला. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यानं माझ्या हातातली सुरी घेतली, उजेडात नेली आणि बघत राहिला.

"काय केलंसा ह्ये?"

"मामा, माझी चूक झाली," दादा म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "पॉलिश मी पातळ लावलं. माझ्या हातनं झालं. तुमी म्हणशीला ते."

माझ्या बोटांत ती लाल पट्टी अजून होती. मी ती सहज चोळली. बोटं घसरली. नाकाशी नेली. खोबरेल.

सगळं लख्ख कळलं. चिरलेल्या तुकड्याला कुणी तेल लावलं नव्हतं, तो कुठं तयार मूठ होता? पितळेच्या गळ्याला तेजाब पाजायचंच नसतं, म्हणून इतकी वर्षं आईची रीत कधी आडवी आली नव्हती. आज आली. तेलावर पॉलिश बसलंच नव्हतं, नुसतं वर पसरलं होतं, आणि खालून तेजाबाला आयती वाट मिळाली होती.

गप्प बसणं सोपं होतं. दादानं सगळं अंगावर घेतलंच होतं. इतकी वर्षं चांगलं सगळं त्याच्या खाती चढत आलं, एक वाईट चढलं असतं तर बिघडत काय होतं? मला हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला. कशाचा, ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

"त्याची चूक न्हाई," मी म्हटलं. "पॉलिशबी मीच लावलंय, आन् जाडच लावलंय. चूक तेलाची. मी काल मुठीला तेल चोळलं, म्हणून ते धरलं न्हाई."

गवळ्यानं माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. "तू कोण?"

"शालन. ह्याची बहीण."

"तू कशाला तेल लावलंस?"

"मूठ मी केली म्हणून."

दादा भात्याकडं बघत होता. भाता बंद होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"ही मूठ तू केलीस?" गवळी म्हणाला. "बरं. आन् आमच्या तालमीच्या वस्तादांकडं सुरी हाय, चंदनी मुठीची?"

"मीच."

"त्या कागलच्या पाटलांची? हाडाची?"

"ती पण."

"माझ्या मेव्हण्याला गेल्या साली दिली ती? ज्या मुठीवर हा गडी अर्धा तास बोलला हुता?"

"मी आतच हुते तवा. अर्धा न्हाई, पाऊण तास."

गवळी दादाकडं वळला. "दिनकर, तू केलंयस तरी काय रं?"

"पातं," दादा पुटपुटला.

मला वाटलं आता हा माणूस शिंग मागणार आणि चालता होणार. पण त्यानं कुठलं तरी पिंप ओढलं आणि त्यावर बसला. सुरी मांडीवर. त्या पिवळ्या डागावरनं त्यानं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"बिजलीच्या शिंगास्नी रोज तेल कोण लावायचं, ठावं हाय?" तो म्हणाला. "घरातली. चौदा वर्सं. मी म्हणायचो, अगं मिरवणूक वर्साला एकदा असतीया, रोज कशाला? तर म्हणायची, कोरडं ठेववत न्हाई. आन् नारळ घ्यायला म्होरं जायचो मी." त्यानं सुरी माझ्यापुढं केली. "हे नीट हुईल?"

"हुईल," मी म्हटलं. "डाग वरवर हाय, नखाच्या जाडीएवढा. शिंग खरवडायचं, आन् संगं गळाबी तेवढाच उतरवायचा. मग पुन्हा तेजाब."

"पुन्हा डाग पडला तर?"

"मग पुन्हा उतरवायला शिंग उरणार न्हाई. मूठ हातात भरणार न्हाई."

"म्हंजे हीच एक खेप."

"हीच."

"कर मग. मी हलत न्हाई हितनं."

"बसा," मी म्हटलं. "पर हाताखाली सावली पाडू नका."

दादाच्या तोंडून 'आं' असा आवाज आला. गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नसतं, असं त्यानंच मला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे पडद्याच्या पलीकडून.

मी काचेचा तुकडा घेतला आणि शिंग खरवडायला लागले. भुरकट पापुद्रे मांडीवर पडत होते. गवळी प्रत्येक पापुद्र्याबरोबर श्वास रोखत होता, जणू म्हैस जिवंत होती. डाग फिका झाला, धागा झाला, गेला. रेघ पुन्हा पांढरी. मग कानशीनं गळा तेवढाच खाली घेतला, कागदानं दोन्ही एक केलं. अंगठा फिरवला. सांधा नव्हता.

"आता पॉलिश?" दादानं विचारलं. तो माझ्या उजव्या हाताला येऊन कधी उभा राहिला होता, कळलं नव्हतं.

"आधी तेल काढायचं."

कपडे धुवायच्या सोड्याच्या पाण्यानं मूठ घासली, स्पिरिटनं पुसली, वर पाण्याचे चार थेंब सोडले. थेंब गोल गोल उभे राहिले, अळूच्या पानावर राहतात तसे.

"हे बघा," मी गवळ्याला दाखवलं. "पाणी उभं राहतंय म्हणजे आत अजून तेल हाय."

पुन्हा घासलं, पुन्हा पुसलं. या वेळी दोनच थेंब उभे राहिले. गवळी आता पिंपावरून उठून उकिडवा बसला होता. तिसऱ्या खेपेला पाणी सोडलं, ते पसरलं, आणि सगळ्या शिंगावर पातळ चादरीसारखं बसलं.

"गेलं!" तोच ओरडला. मी काही म्हणायच्या आत.

शिंग पूर्ण वाळू दिलं. मग पॉलिश. बाटलीतला कुंचला मला जाड वाटला, म्हणून सांध्याची कड मी सुईच्या टोकानं भरली. पॉलिश पोलादावर केसभरही चढलं तर तिथं लाटा उमटणार नव्हत्या, आणि शिंगाचा केसभरही भाग उघडा राहिला तर संपलंच. पहिला हात वाळला, मग दुसरा. मुळेकाकूंची बाटली तळाला गेली.

दादानं बरणी पुढं केली.

"नगं," मी म्हटलं. "बरणीत बुडवलं की तेजाब जिथं फट मिळंल तिथं वर चढतंय. त्याला वर चढायची वाटच ठेवायची न्हाई. सुरी उभी धरायची, मूठ वर, पातं खाली. मी कापसानं फक्त गळ्यावर लावते, वरनं खाली. जे वघळंल ते पात्याच्या लाखेवर."

"धरायची कुणी?"

"तू धर. हलू नगोस."

दादानं सुरी धरली. दोन्ही हातांनी, छातीसमोर, देवळात समई घेऊन उभा राहावा तसा. मी काडीला कापूस गुंडाळला, तेजाबात बुडवून निथळला, आणि गळ्यावरून खाली ओढला. एकदा. पुन्हा नवा कापूस. पुन्हा खाली. वापरलेला बोळा पुन्हा लावायचा नाही, हात वर न्यायचा नाही. पंचवीस-तीस वेळा तरी केलं असेल. दादाचे दंड भरून आले.

"दुखतंय," तो म्हणाला.

"घण मारताना दुखत न्हाई?"

"घण हलतोय गं!"

गवळी हसला. त्या दुपारी पहिल्यांदा. "मालक खुंटी झालाय आन् बाई काम करतीया," तो म्हणाला. दादालाही हसू आलं, आणि मी जोरात ओरडले, "हसू नगोस, हलतंय!" मग तो ओठ दाबून तसाच उभा राहिला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी त्यानं पुसला नाही, हेही मी त्याच्या खाती मांडलं.

गळ्यावर काळी सावली धरायला लागली. पदर एकेक करून वेगळे दिसू लागले. पुरे झालं असं वाटलं तेव्हा सोड्याचं पाणी ओतलं, मग साधं. सुरी पुसली. आता पॉलिश काढायचं राहिलं होतं, आणि माझा हात काही पुढं होईना.

"काढ की," गवळी हळूच म्हणाला.

मी कड धरली. या वेळी पट्टी निघाली नाही. पॉलिश शिंगाला असं घट्ट बसलं होतं, की नखानं तसूतसूनं खरवडावं लागलं. खाली काळं. आणखी थोडं. काळं. मग रेघेवरचं. पांढरं. गळ्यापर्यंत पांढरं, आणि जिथं रेघ संपते तिथून थेट लाटा सुरू. जणू ती वीज पाण्यात पडली होती.

गवळ्यानं सुरी हातात घेतली. डोळे मिटले, अंगठा पात्याकडून मुठीकडं नेला, परत आणला, पुन्हा नेला. बराच वेळ. मग डोळे उघडून त्यानं सुरी टॉवेलात गुंडाळली.

"मला दिसतंय ते झ्याक हाय," तो म्हणाला. "पर शिंग वळखणारी घरात हाय. तिला दाखवतो. तिनं हाय म्हटलं तर हाय."

दारात गेल्यावर तो थांबला.

"दिनकर."

"जी मामा?"

"तू लोखंड चांगलं करतोस."

एवढंच बोलून तो गेला. आजवर या दारात दादाचं पुष्कळ कौतुक झालं होतं, सुरीचं, मुठीचं, पॉलिशचं, अगदी म्यानाच्या शिवणीचंसुद्धा. बरोबर त्याच्या मापाचं हे पहिलंच. मला वाटलं, आता हा माझ्याशी चार दिवस बोलणार नाही. त्यानं बरणीचं झाकण लावलं, हात धुतले आणि म्हणाला, "च्या करतीस? तुझा च्या. कोरा नगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गवळी पुन्हा आला. हातात पितळी डबा. दादा नेहमीप्रमाणे घ्यायला पुढं झाला, तसा गवळ्यानं डबा मागं घेतला.

"घरातनं दिलाय. मूठवाल्या बाईच्याच हातात दे म्हणालीया."

आत खरवस होता, वर वेलदोड्याची पूड. गवळ्याच्या बायकोला मी बघितलेलं नव्हतं, तिनं मला बघितलेलं नव्हतं. मी डबा हातात धरून उभी राहिले. डबा अजून कोमट होता.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"काय म्हणणार? सुरी घेऊन आत गेली. दार लावलं. आल्यावर म्हणाली, आपलीच हाय." त्यानं घसा खाकरला. "आन् म्हणाली, पाडव्याला सुरी तिच्या कमरंला. आता काय बोलायचं सांगा."

त्यातला निम्मा खरवस दादानं खाल्ला. डब्यावर नाव कुणाचं, याची त्याला फिकीर नव्हती.

खरवस संपतोय तोच इचलकरंजीचे एक गृहस्थ आले. धोतर, डोक्याला टोपी, हातात छत्री. फळीवरची शिसवी मुठीची सुरी त्यांनी उचलली, तोलून बघितली, अंगठा फिरवला.

"वा! मूठ काय झालीय," ते म्हणाले. "दिनकरराव, हात लागलाय हो तुमचा."

दादानं तोंड उघडलं. पुढचा शब्द मला पाठ होता. मी पडद्याकडं जायला वळलेसुद्धा.

"मूठ बहिणीची हाय," दादा म्हणाला. "मुठीचं काय असंल ते तिच्याशी बोला. पर जपून बोला, आपली चूकसुद्धा दुसऱ्याला देत न्हाई ती."